किराणा बिलातून सिंगापूर

माइल्सवर व्याज मिळत नाही. हे वाक्य मी ऑफिसात, भिशीच्या ग्रुपवर, अगदी लग्नाच्या पंगतीत सुद्धा बोलून बसलेय आणि यापुढेही बोलणार, कारण आपल्या सोलापूरकडच्या माणसाला साठवायची सवय आहे आणि ती सवय कितीही चांगली असली तरी ह्या एका बाबतीत घात करते. पतसंस्थेत ठेव, पाडव्याला ग्रॅमभर सोनं, पोराच्या नावानं पोस्टात आरडी, हे सगळं आपण डोळे झाकून करतो कारण ठेवलेलं वाढतं हा पिढ्यांचा अनुभव आहे. क्रेडिट कार्डावर खर्च केला की मिळणारे पॉइंट आणि ज्यांच्यावर विमानाचं तिकीट निघतं ते विमान कंपन्यांचे माइल्स मात्र ठेवले की झिजतात. ॲपमध्ये आकडा तोच दिसतो, पन्नास हजार म्हणजे पन्नास हजारच, पण त्या पन्नास हजारात मागं जे तिकीट येत होतं ते आता येत नाही.

भिशीत दहा जणींनी दोन-दोन हजार टाकले तर जिचा नंबर लागेल तिला वीस हजार मिळणार हे सगळ्यांना माहिती असतं, मधेच उठून कुणी 'ह्या महिन्यापासून वीसचे सोळा' असं म्हणू शकत नाही. माइल्समध्ये म्हणू शकतात. कंपनी आपले दर कधीही बदलू शकते हे त्या नियमावलीत लिहिलेलंच असतं, आपण खाली टिक करून पुढं गेलेलो असतो. कधी महिनाभर आधी मेल येतो, कधी तोही येत नाही. शिवाय मुदत असते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर प्रोग्रामचे माइल्स मिळाल्यापासून ३६ महिन्यांनी संपतात, काही कंपन्यांत खात्यात दीड-दोन वर्षं काही हालचाल झाली नाही की संपतात. आणि कधीकधी कंपनीच संपते. किंगफिशरची विमानं २०१२ मध्ये जमिनीवर आली ती परत उडालीच नाहीत, लोकांचे किंग क्लबचे माइल्स तिथंच गेले. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं, त्यांचा माइल्सचा प्रोग्राम वेगळ्या कंपनीत होता म्हणून लोकांचे माइल्स वाचले, पुढं त्याचं नाव इंटरमाइल्स झालं, पण ज्या विमानात बसायचं म्हणून साठवले ते विमानच राहिलं नाही. विस्तारा त्यातल्या त्यात नीट गेली, नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि पॉइंट तिकडं वळते झाले. म्हणजे चांगल्यात चांगलं घडलं तरी तुमचा साठा दुसऱ्याच्या नियमाखाली जातो.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या युनिटमध्ये अकाउंट्स बघते. आमचा माल बाहेर जातो त्यामुळं डॉलर, बँक चार्जेस, फॉरेक्सचा दर हे रोजचंच. म्हणून असेल, पण पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितलं की कार्डाच्या पॉइंटवर फुकट विमानप्रवास होतो तेव्हा माझ्या डोक्यात पहिला प्रश्न आला की पैसे कोण भरतं. एण्ट्री दोन बाजूंनी असते, एका खात्यात जमा झालं तर दुसऱ्यात नावे पडलंच पाहिजे. मग मी ते शोधत बसले आणि खरं सांगते, प्रवासापेक्षा हा हिशोबच मला आधी आवडला.

सुरुवात अमेरिकेत झाली. तिथं १९७८ मध्ये सरकारनं विमानांचे मार्ग नि भाडी ठरवणं सोडून दिलं, कंपन्यांत मारामारी सुरू झाली, गिऱ्हाईक आपल्याकडंच टिकवायचं कसं हा प्रश्न आला, आणि मे १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं ॲडव्हांटेज नावाचा प्रोग्राम काढला, जितके मैल उडाल तितके माइल्स खात्यात. थोड्याच दिवसांत युनायटेडनं तसाच काढला. त्यामागचा विचार व्यापाऱ्याचा आहे आणि अगदी पटणारा आहे. विमान उडणारच आहे, पायलटचा पगार नि इंधन जाणारच आहे, मग जी सीट तशीही रिकामी जाणार होती ती नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिली तर कंपनीचं जातं काय, एक जेवण नि थोडं इंधन. रिकामी सीट गोदामात ठेवून उद्या विकता येत नाही. आमच्याकडं टॉवेलचा लॉट राहिला तर पुढच्या ऑर्डरला जाऊ शकतो, सीट नाही जाऊ शकत.

पण नंतर गाडी वेगळ्याच रुळावर गेली. विमान कंपन्यांनी माइल्स बँकांना विकायला सुरुवात केली. बँक ते विकत घेते आणि कार्डावर खर्च करणाऱ्याला देते. हा धंदा केवढा मोठा झाला ते कोरोनात दिसलं. २०२० मध्ये युनायटेडनं आपला माइल्सचा प्रोग्राम तारण ठेवून कर्ज काढलं तेव्हा त्या एका प्रोग्रामची किंमत जवळपास २२ अब्ज डॉलर धरली होती, आणि त्या वेळी शेअर बाजारात अख्ख्या कंपनीची किंमत त्याहून बरीच कमी होती! विमानं, इंजिनं, सगळं धरून. मी हे आमच्या शेठना सांगितलं तर ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, म्हणजे विमान ही नुसती जाहिरात.

आता बँकेकडं हे पैसे येतात कुठून. एक, दुकानदाराकडून. क्रेडिट कार्ड मशीनवर घासलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, साधारण दीड-दोन टक्के कापून मिळते, त्यातलाच मोठा हिस्सा कार्ड देणाऱ्या बँकेला जातो आणि त्यातला तुकडा पॉइंट म्हणून आपल्याला. म्हणूनच खात्यातून थेट यूपीआय केलं की सहसा काही मिळत नाही, कारण यूपीआय नि रुपे डेबिटवर २०२० पासून दुकानदाराला तो चार्जच नाही. नवी पेठेत काही दुकानदार सरळ सांगतात, कार्डला दोन टक्के जास्त पडतील ताई. तिथं मी कार्ड काढत नाही. दोन टक्के देऊन एक-दीड टक्क्याचे पॉइंट घेण्यात काय अर्थ आहे. आणि मंडईतल्या भाजीवाल्या मावशी, ब्लाऊज शिवणारी, पंक्चरवाला, ह्यांच्याकडं तर मी रोख किंवा साधं यूपीआयच करते. त्यांच्या चार पैशातून माझं विमान उडावं असं मला वाटत नाही, नियमात बसत असलं तरी.

दोन, व्याज. आणि ह्यावर मला जरा जास्त बोलायचंय.

क्रेडिट कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास असतं. महिन्याला! वर्षाचं धरलं तर ४० टक्क्यांच्या वर. ग्राहक आयोगानं २००८ मध्ये सांगितलं होतं की ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं चुकीचं, पण सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला. म्हणजे मर्यादा नाहीच. आमच्या युनिटमध्ये पॅकिंगला एक पोरगा आहे, हुशार, कामाला वाघ. त्यानं हप्त्यावर नाही तर थेट कार्डावर मोबाईल घेतला, वर बहिणीच्या साखरपुड्याचा खर्च केला आणि दर महिन्याला बिलावर 'मिनिमम ड्यू' म्हणून जो छोटा आकडा असतो तेवढाच भरत राहिला. त्याला वाटलं तोच हप्ता. एक दिवस माझ्याकडं आला, म्हणाला मॅडम भरतोय भरतोय तरी कमीच हुईना. मी स्टेटमेंट काढून त्याच्यासमोर गणित मांडलं. पन्नास हजार बाकी, साडेतीन टक्क्यांनी महिन्याचं व्याज १,७५०, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ३१५, एकूण २,०६५. त्याच पन्नास हजाराच्या खरेदीवर अगदी चांगल्या कार्डाचे पॉइंट धरले तरी हजाराची किंमत. ती पण एकदाच, आणि व्याज दर महिन्याला. शिवाय जुनी बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवर बिनव्याजी दिवस पण मिळत नाहीत, सकाळी घेतलेल्या दुधाच्या पिशवीवर सुद्धा त्याच दिवसापासून व्याज. ते पोरगं नुसतं बघत बसलं. नंतर आम्ही त्याला पतसंस्थेतून कमी दराचं कर्ज काढून ते कार्ड बंद करायला लावलं.

त्या दिवसापासून मला पॉइंटचं कौतुक करायच्या आधी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. माझे पॉइंट येतात त्यात अशा पोराच्या व्याजाचा पण वाटा आहे. म्हणून पॉइंट सोडून द्यावेत असं मी म्हणत नाही, मी सोडले तर त्याचं व्याज कमी होणार नाही. पण ज्याचं पूर्ण बिल दर महिन्याला खात्यातून आपोआप कटत नाही त्यानं ह्या वाटेला जाऊच नये हे मी हात जोडून सांगते. पूर्ण बिल, मिनिमम नाही. ते झाल्यावरच पुढचं वाचा.

पुढचं सोपं आहे आणि थोडं कंटाळवाणं पण. जो खर्च तसाही होणारच आहे तेवढाच कार्डावर टाकायचा. महिन्याचा किराणा, लाइटबिल, पोरीची क्लासची फी, अण्णांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, गाडीचा इन्शुरन्स. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट भरणं ह्यावर बहुतेक कार्डांत पॉइंट मिळत नाहीत किंवा नाममात्र मिळतात, आणि कशावर मिळतात ह्याची यादी वरचेवर बदलते, म्हणून ती वाचत राहावं लागतं. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं त्यामुळं चाटी गल्लीत क्यूआर लावलेल्या मोठ्या दुकानातही काम होतं, फक्त तो क्यूआर दुकानाच्या नावाचा पाहिजे, दुकानदाराच्या स्वतःच्या खात्याचा असला तर चालत नाही. परदेशी वेबसाइटवर खरेदी केली तर बरीच कार्डं साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप म्हणजे जादा चार्ज लावतात नि त्यावर जीएसटी, तिथं पॉइंट बघत बसू नये. घरात लग्न निघालं तर काय विचारता, चुलतभावाच्या लग्नात चादरी, आहेर, बस्ता सगळ्याचं पेमेंट माझ्याकडून झालं आणि काकांनी त्याच दिवशी मला पैसे दिले. लग्न त्यांचं, पॉइंट माझे. काकू अजून म्हणते, तुझ्या आईच्या तिकिटात आमचा बस्ता आहे गं. आहेच.

एका पॉइंटची किंमत काढायला शिकावं, एवढं एक गणित आलं की कुणी फसवू शकत नाही. समजा रोखीनं तिकीट ९,००० ला आहे. तेच पॉइंटवर घेतलं तर १०,००० पॉइंट आणि वर १,५०० टॅक्स भरायचाय. म्हणजे १०,००० पॉइंटनी तुमचे ७,५०० वाचवले, एक पॉइंट ७५ पैशाचा. तेच पॉइंट बँकेच्या कॅटलॉगमधल्या मिक्सरवर किंवा व्हाउचरवर घातले तर बऱ्याचदा २०-२५ पैसे पडतात. लोक मिक्सर घेतात! कारण मिक्सर हातात येतो आणि विमान आपलं नाही असं वाटतं.

हे 'विमान आपलं नाही' फार खोल गेलंय आपल्यात, आणि सोलापुरात तर त्याला कारणंही होती. होटगी रोडचा विमानतळ किती वर्षं नुसता कुंपणाआड होता. धावपट्टीच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी येते म्हणून केवढा वाद झाला, मोर्चे निघाले, कोर्टबाजी झाली आणि १५ जून २०२३ ला ती पाडली. मला दोन्हीकडची माणसं माहिती आहेत, आमच्या मामांचा ऊस त्याच कारखान्याला जातो, ते त्या दिवशी जेवले नाहीत, आणि आमचे शेठ म्हणत होते आता तरी बायर थेट सोलापुरात उतरेल. दोघांचंही खरं होतं. मग सप्टेंबर २०२४ मध्ये उद्घाटन, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं, १५ ऑक्टोबर २०२५ ला मुंबईचं. पहिल्या दिवशी लोक विमान बघायला गेले होते, त्यात आमच्या युनिटमधले निम्मे.

पण पॉइंटवाल्यानं हे समजून घ्यावं की सोलापुरातून उडणाऱ्या ह्या छोट्या कंपन्या जगातल्या मोठ्या गटांत नाहीत. स्टार अलायन्स, वनवर्ल्ड, स्कायटीम असे तीन मोठे गट आहेत, एका कंपनीचे माइल्स त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालतात. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, सिंगापूर एअरलाइन्स पण त्यातच. त्यामुळं आपल्याला आधी मोठ्या विमानतळावर जावं लागतं आणि तो खर्च हिशोबात धरावा लागतो. पुणे अडीचशे किलोमीटर, मुंबई चारशेच्या वर. मुंबईला रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस आहे, २०२३ पासून वंदे भारत आहे, आणि आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळ चालू झाल्यावर एक्स्प्रेसवेनं येणाऱ्याला शहरात शिरायची पण गरज नाही. तरी मी कुणालाही सांगते, आधी हैदराबाद बघा. तीनशे किलोमीटर, उमरगा, जहीराबाद करत सरळ हायवे, किंवा पहाटे हुसेनसागर एक्स्प्रेस धरायची. आणि आपल्या गावचं हैदराबादशी नातं आहे, साखर पेठेत, अशोक चौकात निम्म्या घरांत तेलुगू बोलतात, प्रत्येकाची कुणीतरी लेक किंवा आत्या तिकडं दिलेली असते. विमानाआधी चार तास पाठ टेकायला घर मिळतं हे कुठल्या लाउंजमध्ये मिळणार नाही.

हे सगळं मी आधी पुस्तकी करत होते. मग धाकट्या बहिणीचा सिंगापूरहून फोन आला की गोड बातमी आहे.

आमची आई. तिच्याबद्दल एवढंच सांगते की मार्च २०२३ मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं त्याच्या आधी ती माहेरी सुद्धा 'बघू' म्हणून टाळायची. अण्णा एसटीत कंडक्टर होते, आयुष्यभर लोकांना तिकिटं दिली, पण आई म्हणायची माझ्या एकटीच्या जाण्यायेण्यात दोनशे रुपये कशाला घालवायचे. तिकीट अर्धं झालं आणि ही बाई सुटली! तुळजापूर झालं, पंढरपूर झालं, मंगळवेढ्याला मावशीकडं, मग शेजारच्या काकूंना घेऊन गाणगापूर. पैसे तर आधी पण होते घरात, एवढे नव्हते असं नाही. पण स्वतःवर पूर्ण तिकिटाचे पैसे घालायला तिचं मन तयार होत नव्हतं, आणि अर्ध्या तिकिटानं जणू कुणीतरी तिला जा म्हणाल्यासारखं झालं. मी तेव्हाच ठरवलं होतं की माझे माइल्स अशा माणसावर घालायचे जो स्वतः कधीच तिकीट काढणार नाही. मी काय, कंपनीच्या कामानं गेलेच कधी तर जाईन.

बहिणीचं म्हणणं, बाळंतपणाला आई पाहिजेच. आईचं म्हणणं, मी येते पण पंचवीस-तीस हजाराचं तिकीट काढू नका, दोघांचं तर नकोच, त्यात इथं डिंकाचे लाडू किती होतील. अण्णा गप्प. म्हणजे त्यांना पण जायचं होतं.

इथं जरा कामाचं सांगते कारण हे कुणी नीट सांगत नाही. बँकेचे पॉइंट विमान कंपनीत वळवले की परत बँकेत येत नाहीत, ही एकेरी वाट आहे. म्हणून आधी सीट शोधायची, मग वळवायचे. पण वळवायला कधी काही मिनिटं लागतात तर कधी काही दिवस, आणि तेवढ्यात सीट जाऊ शकते. त्यामुळं ज्या तारखेला दोन-तीन पर्याय दिसतायत असाच आठवडा धरावा. क्रिसफ्लायरमध्ये दुसऱ्याच्या नावावर तिकीट काढायचं तर त्याला आधी नॉमिनी म्हणून जोडावं लागतं, पाच जणांपर्यंत जोडता येतात, ते काम आधीच उरकून ठेवावं, आणि नाव पासपोर्टवर आहे तसंच, एक अक्षर इकडं तिकडं नको. अवॉर्ड सीटचे, म्हणजे माइल्सवर मिळणाऱ्या सीटचे, दोन मुख्य दर, सेव्हर म्हणजे कमी माइल्सची, थोड्याच असतात आणि संपल्या की वेटलिस्ट, आणि ॲडव्हांटेज (वरच्या अमेरिकन प्रोग्रामशी ह्याचा संबंध नाही, नाव तेवढं सारखं), जास्त माइल्सची पण सहज मिळणारी. सुटी, दिवाळी, चिनी नवं वर्ष असल्या दिवसांत सेव्हर जवळपास विसरायची. बाकी टॅक्स रोखीत भरावा लागतो. काही कंपन्या ह्या टॅक्सच्या नावाखाली स्वतःचा इंधन सरचार्ज पण लावतात, तो कधीकधी तिकिटाइतकाच जातो, सिंगापूर एअरलाइन्सनं स्वतःच्या विमानांवर तो २०१७ मध्ये काढला. माइल्स किती लागतात एवढंच बघून खुश होऊ नये, शेवटच्या पानावर रुपये किती मागतात ते बघावं.

तर झालं असं की हैदराबादहून त्या आठवड्यात सेव्हरची एकच सीट. दुसरी वेटलिस्टला. मी म्हटलं थांबू, सुटेल. रोज सकाळी चहाच्या आधी बघायचे. सुटेना. आईला सांगितलं तर ती म्हणाली, मग मी एकटी जाते की. पुण्याला एकटी न गेलेली बाई! आणि ती खरंच गेली असती, मला त्यात शंका नाही. अण्णा म्हणाले, जाऊ दे तिला, मी इथं भाकरी-आमटी करून खाईन, मला काय तिथं काम आहे.

दुसरी सीट ॲडव्हांटेजमध्ये होती. माइल्स खूपच जास्त. माझं ७५ पैशाचं गणित लावलं तर एका माइलची किंमत निम्म्यावर येत होती, पॉइंटवाल्यांच्या जगात ह्याला लोक वाया घालवणं म्हणतात. तेवढ्याच माइल्समध्ये मी पुढंमागं कधीतरी बिझनेस क्लास नाहीतर दोन देशी तिकिटं काढू शकले असते. अकाउंट्सवाली बाई म्हणून मला तो आकडा टोचत होता हे खरं. पण मग मी विचार केला की हे पैसे-प्रति-माइल गणित कशाच्या तुलनेत आहे, रोखीच्या तिकिटाच्या. आणि अण्णांसाठी रोखीचं तिकीट ह्या जगात कधी निघणारच नव्हतं. ते काढू देणार नव्हते. त्यांच्यासाठी तुलना होती त्या सीटची नि घरी बसण्याची. एवढं कळल्यावर मी बटण दाबलं, आणि मला आजही वाटतं की आतापर्यंत माझ्या माइल्सचा एवढा चांगला उपयोग दुसरा झाला नाही.

अण्णांना तिकीट दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून आधी भाड्याचा रकाना शोधला. तिथं नुसता टॅक्स. "म्हणजे पास हाय म्हण की," म्हणाले. एसटीत नोकरी केलेल्या माणसाला पास म्हणजे हक्काची गोष्ट, उपकार नाही. मग त्यांची काही हरकत राहिली नाही. तिकीट पॉइंटचं असलं म्हणून सामान कमी नेता येतं असं काही नसतं, त्यामुळं आईनं बॅगा मनासारख्या भरल्या, डिंकाचे लाडू, शेंगाचटणी, कडक भाकरी, आळीव, बाळंतविडा, बाळाला दुपटी जुन्या मऊ साड्यांची. मी फक्त लोणचं हातातल्या बॅगेतून काढून मोठ्या बॅगेत टाकायला लावलं. हैदराबादला काकूंच्या लेकीनं स्टेशनवरून नेलं, पुलिहोरा खाऊ घातला, झोपवलं आणि रात्री विमानतळावर सोडलं. विमानात अण्णांनी म्हणे हवाई सुंदरीला विचारलं, गाडी फुल आहे का. नव्हती, मागं सीट रिकाम्या होत्या. त्यांनी ते मला फोनवर दोनदा सांगितलं, एवढ्या सीट रिकाम्या चालल्यात गं, कुणीतरी बसायला पाहिजे होतं. अख्खी नोकरी भारमान, म्हणजे गाडी किती भरली ते, मोजण्यात गेलेल्या माणसाला ते बघवत नव्हतं. मला तेव्हा १९८१ चा तो सगळा विचार त्यांना समजावून सांगावासा वाटला, पण रोमिंगचं बिल.

भाचा झाला, आई-अण्णा परत आले, माझ्या खात्यात आता जेमतेम चिल्लर शिल्लक आहे आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही. ऑफिसातली एक मैत्रीण तिच्या मिस्टरांचे लाखभर पॉइंट दाखवत असते, निवृत्तीनंतर युरोपला जायचं म्हणून ठेवलेत. निवृत्तीला बरीच वर्षं आहेत. मी तिला सांगितलं, सासूबाईंना आत्ता काशीला पाठव, गुडघे चालतायत तोवर. ती विचार करते म्हणाली.

आमच्याकडं पण आता काशीच निघालीय. अण्णांची थोरली बहीण, आमची आत्या, विड्या वळून दोन पोरं शिकवली, तिला दिवाळीनंतर जायचंय. रेल्वेचा दीड दिवस तिच्या कंबरेला झेपणार नाही, म्हणून हैदराबादहून किंवा पुण्याहून विमान बघतेय, देशातल्या तिकिटाला माइल्स कमी लागतात आणि किराण्याच्या नेहमीच्या खर्चात तोवर जमतील. अडचण वेगळीच आहे, तिच्या आधारवर माहेरचं नाव आहे, मतदान कार्डावर सासरचं, आणि जन्मतारीख दोन्हीकडं निराळी. तिकिटावरचं नाव विमानतळावर दाखवायच्या कागदाशी जुळलं पाहिजे. सोमवारी अर्धी रजा टाकून तिला आधार केंद्रावर नेणार आहे.